उशी वाळत घातली आहे

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, एडिसनला निघाले तेव्हा माझी बॅग काठोकाठ तेवीस किलो भरली होती, आणि त्यात पाऊण किलो नुसती मोहरी होती. फोडणीची नव्हे. मलमलीच्या खोळीत भरलेली, मधोमध बाळाचं डोकं बसेल एवढा खळगा ठेवून शिवलेली मोहरीची उशी. शेजारच्या काकूंनी स्वतः शिवून दिली होती, आणि देताना बजावलं होतं, "पहिले तीन महिने हिच्यावरच निजवायचं. डोकं कसं नारळासारखं गोल होतं बघ." बाकी बॅगेत अळिवाचे लाडू, डिंक, बाळंतशोपा, वेखंड, आठ दुपटी, तीन कुंच्या. विमानतळावर कुणी विचारलंच तर ही वस्तू उशी म्हणून सांगायची की मसाला म्हणून, ह्याचा विचार मी मुंबईपासून करत होते. कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारी २०१९. बाहेर गुडघाभर बर्फ. नात झाली, आणि दुसऱ्या दिवशी नर्स एक कागद घेऊन आली. कागदावर चित्र होतं. एक क्रिब, म्हणजे बाळाची गजांच्या कठड्याची खाट, त्यात ताणून बसवलेली चादर, चादरीवर उताणं झोपलेलं बाळ. बस. मी लेकीला विचारलं, "आणि बाकीचं चित्र कुठंय?"

"हेच आहे, आई. एवढंच."

मग नर्सनं सांगितलेलं तिनं मला मराठीत करून सांगितलं. उशी नको. सुटं पांघरूण नको. बाजूला लोड नकोत. मऊ खेळणी नकोत. कठड्याला आतून बांधतात ती नक्षीची गादी, तीही नको. घरात टोपीसुद्धा नको, बाळाला उकडतं आणि ते आपल्याला कळत नाही. गादी टणक हवी, सपाट हवी, आणि क्रिब निदान पहिले सहा महिने आईबापांच्याच खोलीत. शेवटी ती म्हणाली, "थोडक्यात काय, पाळणा रिकामा ठेवायचा."

तो शब्द माझ्या छातीत रुतला. रिकामा पाळणा. आमच्या घरी मूल नसलेला पाळणा कुणी चुकून जरी हलवला तरी आजी लांबून ओरडायची, "रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं!" ज्या घरात मूल होत नाही त्या घराबद्दल बोलताना बायका आवाज खाली आणून हेच दोन शब्द वापरायच्या. बारशाला तर नुसता पाळणा कुणी बघितलाय? वर चिमण्यांचा चांदवा, चार कोपऱ्यांना फुगे, आत मऊ दुपट्यांची चळत, दोन्ही अंगांना लोड, उशाला उशी, गादीखाली सुरी नाहीतर अडकित्ता. वरवंट्यालासुद्धा कुंची घालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत वरून-खालून फिरवतात. पाळणा भरलेला असला की घर भरलेलं. आणि इथे ही पिवळ्या केसांची पोरगी सांगते की काढा सगळं.

मी काही बोलले नाही. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या दवाखान्यात काय बोलणार? पण उशी मी बॅगेतून काढून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, हाताला येईल अशी.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी लेकीचा डोळा लागला होता. नात क्रिबमध्ये, मान एकाच बाजूला टाकून. मी डोक्यामागून हात फिरवला तर उजवीकडे जरा सपाट लागलं. झालं, मोहरीची उशी निघाली. हलकेच डोकं उचललं आणि खळग्यात ठेवलं. ती झोपेतच तोंड हलवून शांत झाली. मी खुर्चीत बसून कौतुकानं बघत राहिले. तेव्हा जे दिसलं पण उमगलं नाही ते आज लख्ख आठवतं: तिची हनुवटी छातीला टेकली होती, आणि श्वासाला अगदी बारीक, मांजरीच्या पिल्लासारखी घुरघुर होती. मला ती घुरघुर गाढ झोपेची वाटली.

लेक उठली. पाहिलं. काही न बोलता उशी काढली, बाळाला सपाट ठेवलं, आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, तू आलीस तेव्हापासून मला झोप लागते. ती घालवू नकोस." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री जावयानं मला समजावलं. त्याला आकृत्या काढायची हौस आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं आणि मान लुळी. डोकं वर उचललं की हनुवटी छातीकडे येते, आणि श्वासनलिका आधीच पेन्सिलीपेक्षा बारीक, ती आणखी दुमडते. "पाण्याचा पाइप मुरगळल्यासारखी, आई." दुसरं म्हणजे मऊ वस्तूत नाक रुतलं की बाळ स्वतःचाच सोडलेला श्वास परत परत घेतं. मोठं माणूस झोपेत गुदमरलं तर मान फिरवतं. दोन महिन्यांच्या पोराला ते जमत नाही, आणि काही पोरांच्या मेंदूला तर धोक्याची घंटाच ऐकू येत नाही. कुठल्या पोरांच्या, ते आधी ओळखता येत नाही. म्हणून मऊ काही ठेवायचंच नाही.

डोक्याच्या सपाटीचं काय, मी विचारलं. त्यावर त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा उपाय अगदी आपल्या आजीबाईंचा निघाला. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, पालथं घालायचं. आणि रात्री एकदा डोकं क्रिबच्या ह्या टोकाला, एकदा त्या टोकाला. आपली न्हाऊ घालणारी बाई मालीश करताना पोराला पालथं पाडते ते दुसरं काय असतं! नातीचं डोकं सहा महिन्यांत भरून आलं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, डोकं गोल करायच्या उशा वापरू नका असा जाहीर इशारा दिला, तो लेकीनं मला मुद्दाम पाठवला. म्हणजे आमच्या काकूंच्या उशीची चुलत भावंडं तिकडेही विकली जात होती, बहुधा पाचपट दरानं. माझी उशी वाया गेली नाही म्हणा. जावयाची मान अवघडली की तो ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खांद्यावर घेतो.

तिकडच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींनी मिळून क्रिबचा सेट भेट दिला होता. पिवळे हत्ती असलेली रजई, तसलीच उशी, आणि कठड्याला चहूबाजूंनी बांधायची बंपर नावाची गादी, तिला बारा नाड्या. मला तो फार आवडला होता. लेकीनं खोका उघडला, हत्तींवरून हात फिरवला आणि झाकण लावून ठेवून दिला. मैत्रिणी घरी यायच्या त्या दिवशी मात्र बंपर बांधायची आणि त्या गेल्या की सोडायची. बारा नाड्या बांधायच्या, बारा सोडायच्या. मला तेव्हा हसू यायचं.

त्या बंपरनं मला १९८८ आठवलं. माझ्या मुलाच्या वेळी सांगलीत यजमानांच्या साहेबांनी त्यांच्या घरातली जुनी लाकडी कॉट दिली होती. गज इतके लांब लांब की पोराचा पाय मांडीपर्यंत बाहेर यायचा आणि अडकायचा. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला: जुन्या नऊवारीची गोधडी गजांना आतून गुंडाळून सुतळीनं शिवून टाकली. सगळी आळी बघायला आली होती त्यांची अक्कल. अमेरिकेतही बंपर ह्याच कारणानं आला असं कळल्यावर सासूबाईंचा मला नव्यानं अभिमान वाटला. जुन्या क्रिबचे गज लांब असायचे, डोकं अडकायची भीती होती, म्हणून गादी. मग १९७० च्या दशकात तिथल्या सरकारनं नियमच केला की दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरहून जास्त फट नको. डोकं अडकायची भीती संपली. गादी मात्र राहिली. ती आता शोभेची झाली, सेटमधली झाली, आणि तिच्याशिवाय क्रिब उघडाबोडका दिसायला लागला.

ह्या गादीनं काय केलं ते कळायला फार वर्षं गेली. २००७ मध्ये ब्रॅडली थॅच ह्या बालरोगतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोंदी चाळून १९८५ ते २००५ ह्या काळातले २७ मृत्यू ह्या गाद्यांशी जोडून दाखवले. कुणाचं तोंड गादीत रुतलेलं, कुणी गादी आणि बिछान्याच्या फटीत सापडलेलं, कुणाच्या गळ्याशी नाडी. आणि ती नसती तर काय झालं असतं? हातपाय अडकला असता, टेंगूळ आलं असतं, पोर रडलं असतं. रडलं असतं म्हणजे कुणीतरी उठलं असतं. शिकागो शहरानं २०११ मध्ये विक्री बंद केली, मेरिलँड राज्यानं २०१३ मध्ये, आणि सगळ्या देशासाठी कायदा व्हायला मे २०२२ उजाडलं. मधली इतकी वर्षं ती दुकानात होती, हत्तींसकट.

इथेच माझी आणि माझ्यासारख्या हजारोंची गोची होते. दुकानात आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, हे आपण धरूनच चालतो. अमेरिकेबद्दल तर जास्तच. तिकडे म्हणे काही खोटं विकतच नाहीत. प्रत्यक्षात तिकडेही कितीतरी वस्तू आधी विकल्या जातात आणि तक्रारी साचल्यावर परत बोलावल्या जातात. आम्ही तिथे असतानाच, एप्रिल २०१९ मध्ये, उतरत्या घसरगुंडीसारख्या बाळ-पाळण्याचा सगळ्यात खपाचा प्रकार परत मागवला गेला. सुमारे सत्तेचाळीस लाख नग. तीसहून जास्त बाळं त्यात गेल्याचं तोवर उघड झालं होतं. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा तसाच होता. नात दूध काढायची म्हणून कुणीतरी दिलेला, "तिरकं ठेवलं की दूध वर येत नाही" असं सांगून. तिला त्यात छान झोप लागायची. बातमी आली त्या संध्याकाळी जावयानं तो बाहेर नेऊन त्याचं कापड कात्रीनं फाडलं, म्हणजे कचऱ्यातून कुणी उचलून नेऊन वापरायला नको. मला आधी तो वाया घालवल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की तिरकं ठेवण्याचा तो सल्ला दुसऱ्या कुणी नाही, मीच सगळ्यांत जास्त मोठ्यानं उचलून धरला होता. त्याच वर्षी पुढे एरिन मॅनन यांच्या चमूनं सरकारसाठी केलेल्या चाचण्यांत दिसलं की उतारावर बाळाच्या पोटाच्या स्नायूंना जास्त ओढ पडते. ते त्यात पालथं झालं तर लवकर थकतं आणि नाक मोकळं करायला ताकद उरत नाही. तिकडे आता कायद्यानं बाळाच्या झोपेच्या वस्तूला दहा अंशांहून जास्त उतार चालत नाही.

मग दूध वर आलं तर? उताण्या बाळाच्या घशात जाणार नाही? ही भीती माझ्या आईलाही होती, मलाही होती, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती. ज्यांच्या सल्ल्यावर अमेरिकेतल्या दोन पिढ्या वाढल्या त्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांनी १९५० च्या दशकापासून हेच कारण देऊन बाळाला पालथं निजवायला सांगितलं. तर्क ऐकायला बिनतोड आहे. फक्त शरीराची रचना उलटी आहे: उताणं झोपलं की श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच परत ओघळतं. पालथं घातलं की ते श्वासनलिकेच्या तोंडाशी येऊन थांबतं. १९७० पर्यंत उपलब्ध असलेली माहिती कुणी एकत्र बसून नीट वाचली असती तर पालथं निजवण्याचा धोका तेव्हाच दिसला असता, असं २००५ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासानं दाखवलं. उशीर झाल्यानं गेलेली बाळं युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडची धरून पन्नास हजारांच्या घरात. ब्रिटननं १९९१ मध्ये आणि अमेरिकेनं १९९४ मध्ये "पाठीवर निजवा" ची मोहीम काढली, आणि झोपेतले अवचित मृत्यू निम्म्याहून खाली आले. आपल्याकडे आज्या पोरांना पाळण्यात उताणंच निजवत आल्या होत्या. हा एक गुण आपला, तो मी जावयाला दोनदा ऐकवला.

पण दोषही ऐकवायला हवेत. आमच्या पिढीचं हुकमी वाक्य एकच असतं, "आमची नाही का वाढली?" मीही एडिसनमध्ये ते किमान दहा वेळा म्हटलं असेल. वाढली, खरंच वाढली. सासूबाईंच्या गोधडीच्या कुंपणात माझा मुलगा वाढला. एका पहाटे त्याचं तोंड गोधडीत खुपसलेलं होतं, मानेवर घामाची तळी साचली होती, आणि मी त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं तेव्हा त्यानं एक मोठा, थरथरता श्वास घेतला. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं.

आणि मावशीचं दुसरं. सव्वा महिन्याचं होतं. मी तेव्हा आठ वर्षांची. रात्री दूध पिऊन झोपलं ते सकाळी उठलं नाही. ताप नाही, काही नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं, आणि एक बाई, मावशीला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाली की आईच्याच अंगाखाली आलं असेल. पाळण्यात काय काय होतं हे कुणीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पाळणा दुसऱ्या दिवशी सोडून माळ्यावर टाकला. ते कशानं गेलं हे मी आज सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण "आमची नाही का वाढली" म्हणताना मोजायला आपण वाढलेलीच बसवतो, हे मला साठी उलटल्यावर त्या बर्फात कळलं. मावशी त्यानंतर कुणाच्याही बारशाला पाळण्याजवळ गेली नाही.

आता मागच्या वर्षीचं. मुलाला मुलगा झाला. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला. बारशाआधी मी पुण्यात तुळशीबागेत बाळंतविडा घ्यायला गेले. दुकानदारानं पुढ्यात टाकलं ते सेटच. गादी, उशी, दोन लोड, वर घडीची मच्छरदाणी, सगळं चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत. "एक्स्पोर्टचा माल आहे, मावशी." मी म्हटलं, उशी आणि लोड काढून द्या. तो हसला. "सेट फोडता येत नाही." घेतला मग सेट. उशी आणि लोड घरी आले, आणि दिवाणखान्यात सोफ्यावर बसले. मच्छरदाणी मात्र मी कुणाला नको म्हणू देणार नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत ती हवीच, फक्त बाहेरून, ताणून, आत लोंबणार नाही अशी. तसंच काळ्या दोऱ्याचं. कमरेच्या करगोट्यावरून मी कुणाशी भांडणार नाही. गळ्यातल्या दोऱ्यावरून भांडेन.

असं ठरवून साताऱ्याला गेले आणि दारातच गारठले. विहीणबाईंनी काय पाळणा सजवला होता! सागवानी, पितळी कड्यांचा, सुनेच्या पणजोबांच्या वेळचा. आत कापसाची जाड गादी, त्यावर चार दुपटी, दोन्हीकडे रेशमी लोड, आणि उशाला, मलमलीच्या खोळीत, मधोमध खळगा असलेली मोहरीची उशी. पांढऱ्या दोऱ्यानं कडेला वेल काढलेली. विहीणबाईंनी सहाव्या महिन्यापासून बसून शिवलेली. गादीखाली सुरी होती; तिचं टोक भिंतीकडे आहे एवढं मी बघून घेतलं.

एडिसनला मी मुलीची आई होते. इथे मुलाची. मुलाच्या आईनं पाळण्याकडे बोट दाखवलं तर त्याचा अर्थ उशी असा होत नाही. माहेरच्यांनी नीट केलं नाही असा होतो, आणि ते सुनेला पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं. सून माझ्याकडे बघत होती. तिनंही वाचलं होतं सगळं, मुलानं पाठवलं होतं. तीही बोलू शकत नव्हती. आम्ही दोघी त्या उशीकडे बघत उभ्या होतो, आणि विहीणबाई आमच्याकडे.

बारसं झालं. "कुर्रर्र" झालं. घुगऱ्या वाटून झाल्या. बायका पांगल्या. बाळ उशीवर झोपलं होतं, हनुवटी छातीला टेकवून, आणि मला ती बारीक घुरघुर ऐकू आली.

मी पुढे झाले, बाळाला उचललं, उशीला हात लावला. "अगंबाई, ओली झालीय की ही! मोहरी ओली राहिली तर कोंब फुटतील. थांबा, गच्चीत टाकते." विहीणबाई "अहो, मी टाकते, तुम्ही कशाला" म्हणेपर्यंत मी जिन्यात होते. लोडही एकेका काखेत घेतले, त्यांनाही ओल लागली असणार म्हणून.

तिसऱ्या दिवशी निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उशी अजून वाळली नाही वाटतं?"

"नाही हो. मोहरी आहे ना. वेळ लागतो."

"लागतो खरा," त्या म्हणाल्या. "माझ्या अंदाजानं वर्षभर तरी वाळायची नाही."

बाहेर मे महिन्याचं साताऱ्याचं ऊन. गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.